बुधवारचा उपास

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. लग्न व्हायचं होतं. कचेरीतल्याच एका बाईंकडे वाढदिवसाला गेले होते, तिथे क्रीम नसलेला केक पहिल्यांदा पाहिला. वर गुळगुळीत पांढरी साखर, इस्त्री फिरवल्यासारखी, आणि कडेला तीन गुलाब. पाकळीला बोट लावलं तर ती कडक. त्याला फोंडंट म्हणतात आणि नवऱ्याच्या बदलीमुळे मुंबईहून आलेल्या एक बाई ते घरी शिकवतात, असं कळलं. पुढच्या बुधवारी कचेरी सुटल्यावर मी त्यांच्या दारात उभी होते.

आम्ही सहा जणी होतो. पिठीसाखर मलमलीतून चाळायची, जिलेटिन पाण्यात फुगवून वाफेवर विरघळवायचं, केमिस्टकडून आणलेलं ग्लुकोज आणि ग्लिसरीन त्यात घालायचं आणि सगळं मळत बसायचं. आमच्याकडची हवा ओली. माझ्या पहिल्या गोळ्याला घाम सुटला आणि तो पोळपाटाला असा चिकटला की सुरीने खरवडावा लागला. दुसऱ्या वेळी मी कॉर्नफ्लॉवर जास्त भुरभुरलं, तर चिखल वाळून फुटतो तशा भेगा पडल्या. तिसऱ्या बुधवारी मात्र गुलाब जमला. पाकळीची कड अंगठ्याने दाबत दाबत इतकी पातळ केली की पलीकडचा उजेड दिसत होता. बाईंनी तो उचलून सगळ्यांना दाखवला.

"बघा, हात कसा हलका आहे हिचा." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आडनाव काय गं तुझं?"

मी सांगितलं. त्यावरून त्यांना काही कळलं नाही.

"गाव?"

गाव सांगितलं.

"वाडी कुठली?"

"बौद्धवाडी," मी म्हटलं.

"हं," म्हणत बाईंनी गुलाब खाली ठेवला.

पुढच्या बुधवारी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू तुझं पोळपाट-लाटणं घरून आणत जा. इथे कमी पडतात." पाच पोळपाट भिंतीला टेकवून ठेवले होते. तोवर आम्ही ते आळीपाळीने वापरत होतो. कापडी पिशवीत पोळपाट घालून बुधवारी कचेरीत जायला लागले, टेबलाखाली तो पायाला लागायचा. शिकायचं होतं म्हणून गिळलं. त्या गिळण्याचा राग मला बाईंच्या वागण्याइतकाच येतो, अजूनही.

वर्गाची एक रीत होती. दर खेपेला एकीने घरी केक भाजून आणायचा, तिथे सजवायचा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खायचा. माझी पाळी सहाव्या बुधवारी आली. आईने आणि मी गोल ओव्हनमध्ये दोनदा केक केला, पहिला मध्ये बसला म्हणून. त्या दिवशी माझ्या हातून एक सुरकुती पडली नाही. वर सात गुलाब लावले. मी सुरी घेतली, केक कापला, बश्या भरल्या.

"मला उपास आहे," पहिली म्हणाली.

दुसरीलाही उपास होता. तिसरीचं पोट बिघडलं होतं. चौथी पोस्टात कामाला होती. तिने खाली बघत उपासच सांगितला. पाचवी आत पाणी प्यायला गेली ती आलीच नाही. बाई म्हणाल्या, "इतका छान झालाय, मोडायला नको होतास गं. घरी घेऊन जा, घरच्यांना खाऊ दे."

बुधवारचा उपास मी तोवर ऐकला नव्हता. कापलेला केक डब्यात परत भरताना माझे कान तापले होते. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही.

रविवारी भाऊ आला. तो लोट्याला एका केमिकल कारखान्यात शिफ्टमध्ये होता. आईने त्याला सगळं सांगितलं. तो केक खात खात ऐकत होता. मग फळीवरचा जिलेटिनचा पुडा त्याने हातात घेतला.

"ताई, हे कशापासून करतात माहीत आहे? ढोरांची हाडं आणि कातडी उकळून."

मी तो पुडा दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिला. गावची मेलेली ढोरं ओढायची ती आमच्या लोकांनीच, अशी पूर्वी सक्ती होती. माझ्या आज्याने छप्पन्न सालानंतर दोर फेकून दिला आणि पुन्हा हात लावला नाही. त्या कामावरून आमचा विटाळ मानणाऱ्यांच्या पोटात पाच बुधवार तेच जात होतं, साखरेत मळून.

बुधवारी मी गेले. पोळपाट नेला नाही. सगळ्या जमल्यावर पुडा मधोमध ठेवला.

"बाई, जिलेटिन कशाचं करतात हे तुम्ही यांना सांगितलंत का?"

"त्याचं आत्ता काय?"

"ढोरांच्या हाडांचं आणि कातड्याचं. माझ्या हातचं चाललं नाही. हे कसं चाललं?"

एकीने तोंडाला पदर लावला. बाई उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. "तू जा," त्या म्हणाल्या. "शिकवण्यासारखं तुझ्यात काही नाही."

"गुलाब तर तुम्ही यांना माझाच दाखवला होता," मी म्हटलं आणि निघाले. पायऱ्या उतरताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

घरी हे मी बाबांना मोठ्या ऐटीत सांगितलं. बाबा निवृत्त शिक्षक. ते शाबासकी देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बाय, आज्याने जे टाकलं तेच उचलून तू त्यांना मारलंस. त्या कामात विटाळ आहे, हे तूही मान्य केल्यासारखं झालं."

मला त्यांचाही राग आला. त्या खोलीत मी दुसरं काय बोलायला हवं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

महिन्याभराने पोस्टातली ती बाई आमच्या घरी आली. वर्गात आता जिलेटिन घालत नाहीत, सगळं फुटतं, असं म्हणाली. आईने चहा दिला, तो तिने प्यायला. उठताना म्हणाली, "त्या दिवशी मला खरंच उपास होता. मुलासाठी बुधवार धरते मी."

"बरं," मी म्हटलं.

तिला गुलाब शिकायचा होता. मी तिला आठ दिवसांनी यायला सांगितलं, आणि ती आली. मी तिला पाकळी पातळ करायला शिकवली, शेजारी बसून, एकाच पोळपाटावर. तिचा उपास खरा होता की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही, आणि ठरवण्याचं काम माझ्यावर का यावं, याचा राग गेलेला नाही.