शलाकाची फिल्म आणि माझं धुणं

२४ सप्टेंबर २०२५, बुधवार. पाणी उशिरा आलं. दिवसभर चिकचिक, कपडे वाळले नाहीत. वरच्या मजल्यावर शलाकाच्या येरझाऱ्या सकाळपासून चालू.

शलाका मूळची कुळगावची. तिचे वडील हिंदुराव अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. मुलगी तिथेच एका प्रयोगशाळेत संशोधन करते आणि शिरगावात आमच्या वर राहते. एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही. जेवतानाही पाय हलत असतात.

चकतीवरचा केसाहून कितीतरी पातळ थर, ही तिची फिल्म. थंड असताना ती वीज अडवते. अडुसष्ट अंशांच्या आसपास तापली की धातूसारखी वाहू देते. शलाका तार न जोडता, टेराहर्ट्झ नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी फिल्मवर सोडून ते मोजते. लहरी जितक्या कमी पार होतील, तितकी वीज जास्त वाहते असं धरायचं.

संध्याकाळी ती खाली आली. "काकू, फिल्म मेली. थंड असतानाच वीज वाहतेय असं दिसतंय. उद्या सरांना सांगायचं, तीन वर्षं पाण्यात!"

"रोज असंच येतं?"

"नाही ना! कधी एकदम मस्त, कधी बोंब."

"बोंबेच्या तारखा सांग." मी डायरी काढली.

"तुमच्या डायरीत माझी फिल्मपण आहे?"

"फिल्म नाही, धुणं आहे. सांग."

ती दारातच फेऱ्या मारत मोबाइलवरून वाचू लागली, मी पानं उलटू लागले. आठ तारीख, बोंब: कपडे दमट. अकरा, मस्त: टॉवेल दुपारीच वाळले. सतरा, बोंब: चादरी ओल्या.

फेऱ्या थांबल्या. शलाका चक्क पायरीवर बसली.

"वाफ! हवेतली वाफ या लहरी खाते, त्या कमी पार होतात आणि वीज वाहतेय असं वाटतं. म्हणून तर आम्ही मोजणीच्या बंद डब्यात कोरडी हवा भरतो."

"मग वाफ शिरते कुठून?"

"झाकणाचं रबर..." तिने कपाळावर हात मारला. "ऑगस्टमध्ये धुऊन मीच परत बसवलं. घाईत. आणि तुलनेसाठी फिल्म नसलेल्या कोऱ्या चकतीचं माप त्याआधीचंच वापरतेय!"

२५ सप्टेंबर, गुरुवार. शलाका चहा न घेताच गेली. सरांना दुपारपर्यंत थांबायला सांगितलंय म्हणे. माझंच कामात लक्ष लागेना. दोनदा फोन चालू आहे ना ते पाहिलं. साडेचारला वाजला.

"काकू, रबर नीट बसवलं, कोरं माप नवं घेतलं. थंड फिल्म गप्प आहे! तापवली तर अडुसष्टला उडी!"

आजही कपडे वाळले नाहीत. उशांचे अभ्रे आतल्या दोरीवर टाकले.