दामोदरपंतांचा वाटा

कोण काय खातो आणि का खातो, या विषयावर मी एके काळी अधिकारवाणीने बोलत असे. त्याची शिक्षा मी अजून जेवणाच्या पानावर भोगतो आहे.

गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती. मी केरीचा, म्हणजे पेडणे तालुक्याच्या अगदी टोकाचा, आणि नोकरीला डिचोलीच्या एका मराठी शाळेत मास्तर. मुक्तीनंतर आमच्याकडच्या कचेऱ्यांत घाटावरून साहेब आले, त्यांत एक दामोदरपंत कुलकर्णी. मूळचे वाईकडचे. पांढरंशुभ्र धोतर, काळी छत्री आणि श्रमदानाचं जबरदस्त वेड! रस्त्यात कोणी दगड उचलताना दिसला की हे दुसरा दगड उचलायला धावणार. (मग तो माणूस ते दगड चोरून नेत असला तरी!) त्यांची मुलगी सुमती आमच्याच शाळेत शिकवायची. तिला मी पसंत होतो, मला ती पसंत होती. अडचण एकच होती, आणि ती पाण्यात राहायची.

"मुलगा हुशार आहे, घराणं सारस्वत आहे," दामोदरपंत मला समोर बसवून म्हणाले, "पण ब्राह्मणानं मासे खायचे म्हणजे काय हो, मास्तर?"

माझ्यासारख्या विद्वानाला एवढं निमित्त पुरे होतं. मी पाय पसरून व्याख्यान सुरू केलं. "खाणं भूगोलातून येतं, पंत! तुमच्याकडे ज्वारी पिकते म्हणून तुम्ही भाकरी खाता. आमची हवा दमट, म्हणून आम्ही भात उकडून ठेवतो आणि त्याची पेज पितो. दक्षिणेत साष्टीकडे पोर्तुगीज शतकानुशतकं बसले, तिथं सकाळ पावाने उजाडते. आमचं पेडणं-डिचोली त्यांच्या हाती उशिरा लागलं, म्हणून आमची आई पाव फक्त तापात देते."

"आणि मासे?"

"मोठा दुष्काळ पडला होता. सगळे ऋषी पोटासाठी वेद विसरले. आमचे सारस्वत मुनी तेवढे नदीकाठी राहिले, मासे खाऊन जगले आणि वेद वाचवले!" मी विजयी मुद्रेने सुमतीकडे पाहिलं.

दामोदरपंतांनी शांतपणे सुपारी कातरली. "पण दुष्काळ संपला ना?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न आमच्या जातीतल्या एकालाही पडला नव्हता! सुमती हातातून निसटते आहे असं दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणूनच तर मी मासे सोडले!"

सुमतीच्या हातून कपबशी पडून फुटली. (सुमतीच्या डब्यातली थालीपिठं आणि माझ्या डब्यातली सुंगटं, म्हणजे कोळंबी, यांची शाळेत रोज अदलाबदल व्हायची, हे तिला आणि मलाच ठाऊक होतं.)

"शाबास!" दामोदरपंत म्हणाले. "मग तुमचं घर बघायला येतो."

मी हुशारीने सोमवार सुचवला. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी आमचं अख्खं घर शिवराक, म्हणजे शुद्ध शाकाहारी. आदल्या संध्याकाळी पंत मुक्कामाला येणार होते. मी सकाळीच घरी पोचलो आणि साफसफाई काढली. सुकवलेले बांगडे, गलम्याची, म्हणजे सुक्या जवळ्याची, बरणी, माशांच्या कढीचं मातीचं भांडं, सगळं गोठ्यातल्या पेटाऱ्यात बंद केलं. आई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"म्हजो झील मासो खायना? ताप आयलो काय रे तुका?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे गं आई!"

"आणि त्या बोक्याक कोण सांगतलो? ताका पण शिवराक करतलंस?"

बोक्याचं नाव सुभेदार. मी जेवायला बसलो की तो माझ्या डाव्या मांडीला टेकून बसायचा, कारण माशाचं डोकं माझ्याकडूनच मिळतं हे तो जाणून होता. त्यालाही गोठ्यात कोंडला. बाबांना मी दुष्काळाचा तो प्रश्न सांगितला. त्यांनी बराच विचार केला. "संपलो आसतलो," ते म्हणाले. "आमका कोणी कळवूकच नाय!"

सोमवारी पहाटे दामोदरपंत उठले आणि "जरा समुद्र पाहून येतो" म्हणून छत्री घेऊन निघाले. मी नारळ खवायला बसलो. खतखतं शिजत होतं, घरात भाज्यांचा सात्त्विक वास सुटला होता. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला मनातल्या मनात मुंडावळ्या दिसू लागल्या.

तिकडे किनाऱ्यावर रापण लागली होती. अर्धं गाव दोन रांगांत उभं राहून समुद्रातून दोर ओढत होतं. दामोदरपंतांनी ते दृश्य पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. एवढी माणसं, कोणी साहेब नाही, कोणी मुकादम नाही, आणि सगळे एकदिलाने घाम गाळताहेत! दोराच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी धोतर खोचलं, छत्री वाळूत रोवली, "बोला, श्रमदान की जय!" म्हटलं आणि दोराला हात घातला. जाळं काठाला लागलं तेव्हा त्यांना कळलं की आपण श्रमदान कसलं केलं ते. ते गुपचूप निघाले. पण रापणीचा म्होरक्या, तांडेल भिकू, त्यांच्या आडवा आला.

"सायबानू, खंय चललात? वाटो घेवा."

"छे छे! मी आपला सहज..."

"रापणीक हात लायलो तेका वाटो. नको म्हणू नये. उद्या जाळां रितां येतलां!"

आता हा आमच्याकडचा कायदा. दोराला हात लावणारा पाहुणा असो नाहीतर वैरी, त्याला मासे द्यायचे, आणि त्याने ते घ्यायचे. पिशवी नव्हती. भिकूने छत्री उघडली, उलटी धरली आणि भरली.

अंगणात आवाज झाला म्हणून मी बाहेर आलो. दामोदरपंत उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, तळहात सोललेले, आणि हातात उलट्या छत्रीत चमचमते बांगडे! मी चटकन नाक दाबून तोंड फिरवलं. (इतके ताजे बांगडे मी कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं ते खरंच होतं.)

"मास्तर," ते म्हणाले, "हे माझ्या कष्टाचं आहे. कष्टाचं अन्न टाकायचं कसं?"

बाबा पुढे झाले. "टाकू नका. पण घरात नको. आज सोमार. सोमाराक आमच्या चुलीर मासो चढणा नाय."

"अहो, अन्नाला कसला वार? वाईट असेल तर रोज वाईट!"

"वायट नाय, सोमार!"

"मी जन्मात पहिल्यांदा मासे आणलेत!"

"मगे मंगळारी आणूचे होते!"

वाईचा शाकाहारी ब्राह्मण मासे घरात घ्या म्हणून अडून बसला होता आणि केरीचे मासेखाऊ त्याला उंबऱ्याबाहेर थोपवत होते! माझा भूगोल ओसरीवर उताणा पडला होता. तेवढ्यात वास गोठ्यात पोचला. दाराला धडका बसल्या, कडी निसटली आणि सुभेदार बाणासारखा आला. मला वाटलं, छत्रीवर झडप घालेल. पण तो खानदानी बोका! तो सरळ माझ्याकडे आला, डाव्या पायाला टेकून बसला आणि आशेने माझ्या तोंडाकडे पाहू लागला. दामोदरपंतांनी बोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"फार लळा आहे त्याला," मी म्हणालो.

"दिसतोय," ते म्हणाले.

शेवटी आईने तोडगा काढला. "मीठ लावन गोठ्यात ठेवतंय. फाल्यां मंगळार. पावण्यांनी फाल्यां जावचा." म्हणजे आपल्या माशांसाठी पाहुण्यांनी एक दिवस मुक्काम वाढवला!

मंगळवारी आईने बांगडे तळले, तिरफळं घालून आमटी केली. दामोदरपंतांनी आधी बोट बुडवलं, मग घास घेतला, आणि मग पान पुन्हा आईपुढे सरकवलं. तिसऱ्या बांगड्यानंतर ढेकर देऊन म्हणाले, "मास्तर, तुमचा भूगोल कच्चा आहे. खरी गोष्ट साधी आहे. ज्याच्या दारात जे ओढायला सापडलं, ते त्यानं ओढलं आणि खाल्लं. आमच्या दारात नांगर होता. समुद्र असता तर आमच्या आजोबांनी काय दोर सोडला असता?"

मी पुढ्यातलं कालचं खतखतं चिवडत होतो. आई वाढता वाढता माझ्या कानाशी कुजबुजली, "खा आता शिळा!"

"आणि हा मुलगा पाहा!" दामोदरपंत बाबांना म्हणाले. "असल्या घरात राहून याने मासे सोडले! एवढा निग्रही जावई मला कुठं मिळणार? सुमती दिली!"

मी आनंदाने उठून त्यांच्या पाया पडलो. वाकलो तेव्हा नाक त्यांच्या ताटावरून गेलं.

लग्न झालं. सासरेबुवा निवृत्तीनंतर वाईला गेलेच नाहीत, आमच्याच शेजारी घर बांधून राहिले, आणि रोज आमच्याकडे जेवतात. सोमवार सोडून रोज मासे! सुमती त्यांना इसवण, म्हणजे तुमची सुरमई, वाढते, आणि माझ्या पानात पडवळ. एकदा न राहवून मी म्हटलं, "पंत, दुष्काळ संपून बराच काळ झाला. तुम्ही हवे तर पुन्हा शाकाहाराकडे वळा. आणि मी..."

"छे! तुमचं व्रत मी मोडू? मुलगी दिली ती त्या व्रतावर!" त्यांनी माशाचं डोकं उचललं आणि खाली धरलं. सुभेदार आता त्यांच्या डाव्या मांडीला टेकून बसतो. "हा बोका मात्र खोटं बोलत नाही हो, मास्तर. पहिल्याच दिवशी याने मला सगळं सांगितलं."

कोण काय खातो यामागे भूगोल असतो, इतिहास असतो, वार असतात, दुष्काळ असतात. माझ्या पानातल्या पडवळामागे मात्र यातलं काहीच नाही. तिथे मी एकटाच आहे.