मेव्हण्याला सोडून बँकवाला

दिल्लीतल्या द्वारकेत आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा आजूबाजूच्या अर्ध्या इमारतींना खिडक्याही लागल्या नव्हत्या. पाणी टँकरने यायचं, बाजार लांब. रविवारी सकाळी आम्ही नोकरदार मंडळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर फुटबॉल खेळायचो. दोन कप्तान, बाकीचे रांगेत, आणि आळीपाळीने एकेकाला उचलायचं. एका बाजूचा कप्तान मी, आणि हे माझ्या गुडघ्यांना कधीच मान्य नव्हतं.

त्या रविवारी रांगेत माझा मेव्हणाही होता. नव्या खासगी कंपनीत लागला म्हणून नागपूरहून आलेला, तीन आठवडे आमच्याकडेच राहत होता. ऑफिसातून आला की खोलीत शिरायचा. ओळखीचं कोणी नाही, करमत नाही. महिना भरला की राजीनामा देऊन परत जातो, असं त्याने बहिणीला सांगून टाकलं होतं. म्हणून निघताना बायकोने मला बजावलं, "अहो, त्याला आधी घ्या. तेवढंच त्याला बरं वाटेल."

तो गोलकीपर होता, आणि माझ्याकडे नेमका गोलकीपरच नव्हता. गोल मारणारे तिघं मात्र मी घेऊन बसलो होतो. आता मेव्हण्याचंच नाव घेणार, तेवढ्यात बँकेतला तो तरुण अधिकारी धापा टाकत रांगेत येऊन उभा राहिला. आमच्यातला सगळ्यात सरस खेळाडू. असा माणूस समोर असताना सोडायचा कसा? चांगला खेळाडू आधी घ्यावा, जागेचं मागाहून बघता येतं, असं माझं ठाम मत. मी बँकवाल्याला घेतलं. मेव्हण्याने मान खाली घातली. दुसऱ्या कप्तानाने त्याला लगेच उचललं.

पुढे माझं मत मलाच भोवलं. गोलमध्ये उभं राहायला कोणी तयार होईना, शेवटी मीच राहिलो आणि पाच गोल खाल्ले. बँकवाल्याचे सगळे फटके मेव्हण्याने अडवले. हरल्याचं काही नाही, पण पोरगा आता महिनाही भरू देणार नाही आणि तेही माझ्यामुळे.

मी घरी आलो, तो आलाच नाही. बायकोने चहा ठेवला आणि आत निघून गेली. तासाभराने जिन्यात हिंदीत हसण्या-खिदळण्याचे आवाज आले आणि हा आपल्या संघातल्या चौघांना घेऊन दारात उभा.

"ताई, सगळ्यांना चहा मिळेल?"

ते गेल्यावर मी म्हणालो, "तुला घ्यायला हवं होतं रे. चुकलं माझं."

"नाही घेतलंत तेच बरं झालं, भाऊजी. घेतलं असतंत तर सगळे म्हणाले असते, यांचा मेव्हणा आहे म्हणून घेतला."

माझा जीव भांड्यात पडला. कपबशा विसळता विसळता बायकोने विचारलं, "मग राजीनाम्याचं काय?"

"आता कसा जाऊ, ताई?" तो म्हणाला. "त्यांच्याकडे दुसरा गोलकीपर नाहीये."