रमणलालनं घाटात पाडलं

सिद्धी पुण्याहून यायची आणि दर वेळी माळशेजच्या दरीत डोकावून परत जायची. तिला पणजोबांचं चरित्र लिहायचं होतं. पणजोबा म्हणजे रमणलाल, बेल्ह्याचे कापडवाले आणि या भागात शर्यतीत मोटार उतरवणारा पहिला माणूस. घरात मात्र त्यांचं नाव निघत नसे. वडिलांनी एकदाच एक ऐकीव वाक्य सांगितलं होतं, 'त्यांनी घाटात बहिरूला पाडलं.' मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारं हे जैन घर. माणूस दरीत पाडणाऱ्याचा फोटो तिथं भिंतीवर राहणार कसा? तो ट्रंकेत गेला.

माझं गॅरेज बेल्ह्यात, आणि जुन्या मोटारींचं मला वेड, म्हणून पोरगी माझ्याकडे आली. "भरतकाका, त्यांच्या हातून माणूस मेला असेल, तर मी तसंच लिहिणार," म्हणाली. म्हणाली खरं, पण चेहरा उतरलेला. मोटार म्हटल्यावर मलाही डोंगरातलाच घाट सुचला. सारा जन्म इथं गेला, पण अक्कल गहाण टाकलेली.

शेवटी बोरी बुद्रुकला बहिरूची सून सापडली, बायडाबाई. अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. सिद्धीला विचारवेना, म्हणून मीच विचारलं, "मावशी, तुमचे सासरे घाटात कसे गेले?"

"गेले? माझ्या लग्नात वरातीफुडं नाचलं की ते."

सिद्धी त्यांच्यासमोर येऊन बसली. "पण पणजोबांनी त्यांना घाटात पाडलं ना?"

"पाडलंच की. जत्रंत. सासऱ्याचा बैलगाडा आन् शेटची मोटार, एकाच घाटात." त्यांनी गावाबाहेरच्या शर्यतीच्या चढाकडे हात केला. "मोटार फुडं गेली. सासरं मरस्तोवर म्हणायचं, त्या एका शेटनं मला पाडलं, न्हाईतर मी कुणाला हरलोय?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे बैलगाडे पळतात त्या चढालाच घाट म्हणतात, आणि हरवलं की पाडलं. पुण्याला गेलेल्या घरानं वाक्य तेवढं नेलं होतं.

सिद्धी हसता हसता रडायला लागली. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. तिनं तिथूनच वडिलांना फोन लावून सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "फोटोला खिळा कुठं ठोकायचा, ते तू येऊन सांग."

बायडाबाईंचा कान तिकडेच होता.

"आमच्या सासऱ्याचा बी लाव म्हणावं शेजारी," त्या म्हणाल्या. "पर जरा वर."