कुंताकाकीच्या वाटेचं कार्पेट

उद्या कुंताकाकीचा दहावा. आमचे शेजारी चैनलालकाका बायकोच्या खोलीतलं कार्पेट उखडत होते.

आमच्या गावात दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथे जीव गेला त्या जागी तांदळाचं पीठ चाळून पसरतात. वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पाहतात. पिठावर काही उमटलं असेल, तर गेलेलं माणूस कोणत्या रूपात परत येणार ते कळतं. पण त्यासाठी जमीन उघडी लागते.

काकांची बहीण पुष्पाबाई दारात उभी होती. "दादा, कार्पेटवरच पसर ना पीठ. कायले जीव काढून राहिला?"

"त्याच्यावर काय उमटन तिचं? गुडघ्याएवढा केस हाये त्याले."

मी हसले. हसू नये असं वाटलं. काका म्हणाले, "हास, एमे. ती बी हासत होती."

माझं मराठीत एम. ए. झाल्यापासून ते मला एमेच म्हणतात. रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला जायची. काकी पलंगावरून विचारायची, "नोकरी लागली का, का अजून कविताच वाचून राहिली?" तिला लकवा मारला होता. डावा पाय ओढत चालायची. फरशीवर घसरायची, म्हणून काकांनी गोंदियाहून हिरवं कार्पेट आणलं. पहिल्याच दिवशी ती त्याच्या कडेला अडखळली. मग काकांनी सगळ्या खोलीभर चिकटवायचं सोल्युशन ओतलं. कारागिराने सांगितलं होतं, फक्त कडेला लावा. त्यांनी ऐकलं नाही.

आता ते निघत नव्हतं. काका पात्याने पट्टे कापायचे, मी ओढायची. वरचा केस हातात यायचा, खालचा थर फरशीलाच राहायचा. त्यावर गरम पाणी टाकून आम्ही खुरपीने खरवडत होतो. काकांच्या बोटांना सोल्युशनचा काळा थर बसला होता.

शेवटी पलंगापासून दारापर्यंतचा एक पट्टा राहिला. काका त्याच्यापाशी आले आणि थांबले.

पट्ट्यावर झिजलेल्या खुणा होत्या. उजव्या पावलाचे फिके ठिपके. त्यांच्या शेजारी डाव्या पायाची एकच लांब रेघ. दाराजवळ रेघ संपत होती. काकी तिथेच पडली आणि गेली होती. पीठ तिथेच पसरायचं होतं.

मी एवढे दिवस या घरात येत होते. ही वाट मी पाहिली नव्हती.

"एमे," काका म्हणाले, "हे काढू का राहू देऊ?"

मी खुरपी खाली ठेवली.

"काढ दादा," पुष्पाबाई हळू म्हणाली. "ती येईन तं जमिनीवरच येईन."

काकांनी रेघेवरून एकदा हात फिरवला. मग पातं लावलं. निदान तो पट्टा अख्खा निघावा म्हणून आम्ही दोघं सावकाश ओढत होतो. तो फाटला. रेघेचे तुकडे झाले. काकांनी ते उचलून पलंगावर ठेवले.

सकाळी टोपली उचलली तेव्हा मी काकांच्या मागे होते. पीठ जसं पसरलं होतं तसंच होतं. मुंगीचा पायही नाही.

पुष्पाबाईने हात जोडले. "सुटली रे दादा. आता जल्म नाही तिले. नशीबवान बाई."

जमलेल्या बायांना बरं वाटलं. कोणीतरी चहा ठेवायला गेलं.

"मले कुठं सोडाची होती तिले," काका म्हणाले. ते माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही.

पुष्पाबाईने झाडू आणला. पीठ निघेना. फरशीवर उरलेल्या सोल्युशनला ते धरून बसलं होतं. तिने ओलं फडकं घेतलं. काकांनी तिच्या हातातून ते काढून घेतलं.

"राहू दे."

संध्याकाळी मी चहाला गेले. पाहुणे गेले होते. खोली उघडीबोडकी दिसत होती. काका पलंगावर, त्या हिरव्या तुकड्यांशेजारी बसले होते.

दाराजवळ, त्या पांढऱ्या डागावर, त्यांनी पुन्हा टोपली पालथी घातली होती.

"पाय जपून टाक, एमे," ते म्हणाले.

मी टोपलीला वळसा घालून आत गेले.