माईकवर कुणाचं नाव

"ताई, तुमी तिकडं बसा. हलगीवाल्यांकडं. तुमचीच माणसं हायेत."

यात्रा कमिटीचा अध्यक्ष हे हसत बोलला. आळेफाट्याजवळच्या एका गावच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवर, बैलगाडा शर्यत होती. मी आणि अनघा संशोधनासाठी गेलो होतो. अनघाला स्टेजवर खुर्ची दिली, फेटा बांधला. माईकवाला ओरडला, "पुण्याच्या प्राध्यापक मॅडम आपल्या घाटाला लाभल्यात राव!" माझं नाव नाही.

मी अनघाकडे पाहिलं. तिनं एक शब्द टाकला असता तरी पुरलं असतं. तिनं टाकला.

"हो, ती आमची इथली मदतनीस आहे. तिला सगळे ओळखतात."

मदतनीस. आम्ही एम.ए.ला एका वर्गात होतो. दोघी पीएच.डी. दोघी समाजशास्त्र शिकवतो, ती पुण्यात, मी तालुक्याच्या गावी. शर्यतीच्या नादातली पोरं मारामाऱ्यांकडे आणि तिथून कडव्या संघटनांकडे कशी जातात, हा विषय माझा. चहा पिताना मीच तिला सांगितला होता. प्रकल्प तिच्या नावावर मंजूर झाला.

माझे वडील याच घाटात हलगी वाजवायचे. हलगीवाल्यांशेजारी बसायची मला लाज नाही. पण तिथं मला बसवलं. त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त हेवा वाटला. अनघाच्या फेट्याचा. तिच्या इंग्रजीचा. बापाच्या पुस्तकांच्या कपाटाचा. खुर्ची आपलीच आहे अशा थाटात ती बसली होती, त्या बसण्याचा. स्टेजची फळी मोडावी आणि ती सगळ्यांदेखत पडावी, असंही मनात आलं.

तेवढ्यात सचिन शेजारी येऊन टेकला. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा, पंचविशीतला. एका बागायतदाराचे शर्यतीचे बैल तो सांभाळतो. खुराक तो घालतो, मेहनत त्याची. त्या दिवशी गाडा पहिला आला. माईकवर मालकाचं नाव झालं, मालकाच्या पोराचं झालं, मेव्हण्याचंही झालं.

"तुझं नाव रे?"

"माझं कशाला घेत्यात, मावशी? बैलाचं घेतलं की!"

"आणि तुझ्या त्या संघटनेत?"

"तिथं पयल्याच दिवशी घेतलं. फ्लेक्सवर फोटो लावला. सचिनभाऊ म्हणत्यात."

याच सचिनभाऊनं संघटनेच्या पोरांबरोबर बाजारात एका मुसलमान फळवाल्याची हातगाडी उलथवली होती.

"त्या माणसाचं नाव काय?"

"कोन मानूस?"

"ज्याची गाडी पाडलीस."

तो जमीन उकरत बसला. "न्हाई माहीत."

कानाखाली द्यावीशी वाटली. पण मघाशी मालकाचं नाव होताना मान वर करून तो स्टेजकडे जसा बघत होता, तशीच मीही बघत होते. अनघाच्या आराखड्यात सचिनसारख्या पोरांसाठी 'विचलन', म्हणजे वाट सोडून भरकटणं, हा शब्द होता. तो कुणाकडे बघून जळतो, हे विचारणारा एकही प्रश्न त्यात नव्हता. तिला सुचणार तरी कुठून?

परत येताना गाडीत ती म्हणाली, "अगं, तुझ्याशी काय मोकळं बोलतात ही मुलं! मुलाखती तू घे. मांडणी मी करते. आभारात तुझं नाव ठळक टाकू."

"मुलाखती माझ्या. मांडणीही माझी."

"प्रकल्प माझ्या नावावर आहे. मग तू यात नसशील."

"नसेन."

"एका फेट्यावरून इतकं जळायचं असतं का गं?"

"जळतेच मी. गाडी थांबव."

मंचरच्या अलीकडे उतरले आणि एसटी धरली.

प्रकल्प गेला. त्याच्या जोरावर बढती मिळणार होती, तीही गेली. आता लेख मी एकटी लिहिते आहे, मराठीत. त्यात सचिनचा हेवा आहे आणि माझाही आहे. संशोधकानं स्वतःला बाजूला ठेवावं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी ठेवणार नाही. अध्यक्ष काय बोलला, अनघा काय बोलली, शब्द न शब्द छापणार.

पण पहिली मुलाखत त्या फळवाल्याची. सोमवारी बाजारात जाणार आहे. आधी त्याचं नाव विचारीन. मुलाखत द्यायला तयार झाला तर तो सांगेल तसं सगळं घेईन, सचिननं काय केलं तेही. सचिन माझा भाचा आहे. बहीण बोलणं टाकेल, वस्तीत माझं नाव निघेल. निघू दे. एक ओळ गाळणार नाही.