अक्कांनी घेतलेलं माप

कुणाच्याही कॉम्प्युटरला हात लावण्याआधी अक्का माणसाला खुर्चीतून उठवायच्या. मग स्वतः तिथे बसायच्या, पाठ टेकायच्या आणि निवांत समोर बघत राहायच्या. महाळुंग्याच्या आमच्या साचे बनवणाऱ्या टूलरूममधले सगळे कॉम्प्युटर आणि सर्व्हर त्यांच्या ताब्यात. साहेबसुद्धा अशा वेळी बाजूला उभे राहून मुकाट्याने चहा प्यायचे. "यंत्राला काय दिसायलंय ते मी नंतर बघते," अक्का म्हणायच्या, "आधी माणसाला काय दिसायलंय ते बघू द्या."

लातूर सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण तिकडची बोली आणि शेंगदाण्याची चटणी दोन्ही सुटली नव्हती. डबा टेबलाटेबलावर फिरायचा. जो नको म्हणेल त्याची तक्रार सगळ्यात शेवटी घेतली जाते, असा आम्हाला दाट संशय होता.

मुलगी झाल्यावर मला पिंपळे गुरवच्या घरून ड्रॉइंग काढायची परवानगी मिळाली, तीही महिनाभराच्या बोलीवर. ड्रॉइंग नीट आली नाहीत तर माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, असं साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं. मला ती नोकरी हवी होती. मी काढलेली वस्तू लोखंडात उतरलेली बघायचं मला वेडच होतं.

काम चालायचं कंपनीतल्या लिनक्स सर्व्हरवर. घरी दिसायची ती नुसती त्याची स्क्रीन. पहिल्याच दिवशी अक्षरं फताडी आणि ड्रॉइंगमधले गोल होल, म्हणजे भोकं, अंड्यासारखे. मी रडकुंडीला येऊन अक्कांना फोन केला, तर त्या हसल्या. "अगं, त्या सर्व्हरला स्वतःची स्क्रीन न्हाईच. आपण सांगू तेवढंच त्याला खरं वाटतंय." त्यांनी माझ्या मॉनिटरचं रेझोल्यूशन विचारून घेतलं, तिकडून दोन ओळी टाइप केल्या आणि होल गोल झाले.

तरी माझ्या चुका होतच राहिल्या. आकडे इतके बारीक की मी तिनाचा आठ वाचायचे. एक ड्रॉइंग परत आलं, मग दुसरं. साहेबांचा सूर बदलला. अक्का फोनवर ठाम होत्या, "रेझोल्यूशन बरोबर हाय, याच्याहून चांगलं दिसूच शकत न्हाई." आणि रविवारी त्या चटणी घेऊन थेट दारात उभ्या.

मी मुळी खुर्चीत बसतच नव्हते. मुलीला मांडीवर घेऊन चटईवर बसायचे आणि मॉनिटर तिच्या हातापायांपासून चांगला लांब ठेवायचे. अक्कांनी तिला माझ्याकडून घेतलं, चटईवर मांडी घातली आणि बराच वेळ समोर बघत राहिल्या. मुलीने त्यांचा चष्मा ओढला. "मी स्क्रीनचं माप घेतलं," त्या म्हणाल्या, "तुझं घ्यायचंच राहिलं की गं."

मग मुलीला तशीच मांडीवर ठेवून त्यांनी प्रमाण सांभाळत रेझोल्यूशन कमी केलं, पुन्हा बघितलं, आणखी कमी केलं. ड्रॉइंग एका वेळी थोडं कमी मावू लागलं, पण आकडे मोठे झाले आणि तीन तीनच दिसला. दर वेळी लॉगिन केल्यावर हेच माप यावं म्हणून त्यांनी ते सर्व्हरवर कायमचं लिहून ठेवलं आणि मगच चहा घेतला.

महिनाअखेरीस माझी सगळी ड्रॉइंग पास झाली. साहेब "चालू ठेवा" एवढंच म्हणाले. त्या दिवशी मी मुलीला घेऊन घरभर नाचले.

अक्का आता लातूरला आईजवळ राहतात. त्यांची फार आठवण येते. आमच्याकडे नवी व्यवस्था आलीय; कुठूनही लॉगिन करा, स्क्रीन आपोआप जुळते, कुणाला कुणाच्या घरी जावं लागत नाही. सगळे खूश आहेत, मीही आहे. पण तेव्हाही हे असंच नुसत्या स्क्रीनच्या मापाला आपोआप जुळलं असतं, तर अक्का माझ्या घरी आल्याच नसत्या, आणि माझी नोकरी गेली असती.